ताडपत्रीचा चौथा कोपरा

विमलताई सोनवणे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्यावर ठपका होता आणि मी चौकशी अधिकारी होतो. गौरवअंकातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, एवढे मला कळते. पण ताईंची साठी पूर्ण झाल्याच्या निमित्ताने सिल्वाशाच्या आपल्या मराठी मंडळाने हा अंक काढायचे ठरवले आणि ‘बारा वर्षांचे सहकारी’ म्हणून मला लिहायला सांगितले, तेव्हापासून मी दोन लेख लिहून फाडले आहेत. दोन्ही गुळगुळीत होते आणि दोन्ही खोटे वाटत होते. हा तिसरा. लिहिणारा गोंधळलेला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यांनी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

नाशिकची नोकरी सोडून मी सामरवरणीजवळच्या आमच्या ताडपत्रीच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा सगळा माल परत आला. ताडपत्रीवर त्यांचे नाव छापायचे होते. ते छापले गेले होते, पण त्यातल्या काही ताडपत्र्यांची घडी उलगडली की तेच नाव उलट्या अक्षरांत घडीत समोर आलेल्या भागावरही उमटलेले. म्हणजे शाई ओली असतानाच घडी पडली होती. छपाई करून ताडपत्र्या वाळत टाकण्याचे काम श्री. बापट यांच्या विभागाचे. मूळचे पुण्याचे, नेमके बोलणारे गृहस्थ. वाळलेला माल ट्रॉलीतून पुढे जाई तो घडी विभागात, आणि तिथल्या प्रमुख होत्या विमलताई. श्री. बापट म्हणत, शाई वाळायला वेळ मिळावा म्हणून शेवटच्या ट्रॉलीवर मी ‘जेवणानंतर’ अशी पुठ्ठ्याची पाटी लावली होती, तरी यांनी जेवणाआधीच घडी घातली. घडी विभागातल्या बायका म्हणत, पाटी नव्हतीच. दोन्हींपैकी एका विभागातल्यांना नोकरी गमवावी लागणार हे उघड होते. कोणाला, ते मी लिहायचे होते.

मी वही-पेन घेऊन घडी विभागात गेलो. तिथे बसायला काहीच नव्हते. ताईंसोबत रमिलाबेन आणि आणखी एक बाई काम करत होत्या. चौथी त्या दिवशी रजेवर होती. मी म्हटले, मला तुमच्याशी पाच मिनिटे बोलायचे आहे.

“खुर्ची नई शे इथं, साहेब,” ताई म्हणाल्या. “कोना पकडा. बोलता बोलता माल बी निघी जाई.”

नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात आपला हुद्दा दाखवू नये असा काहीतरी विचार करून मी चौथा कोपरा धरला. ज्यांनी मोठी ताडपत्री घडी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: चार कोपऱ्यांना चौघे उभे राहतात, दोघे आपली कड उचलून समोरच्या दोघांकडे चालत जातात, कोपरे त्यांच्या हातात देतात, वाकून खाली लोंबणारी कड उचलतात आणि पुन्हा तेच. चौघांतला एक जरी अर्धे पाऊल पुढे गेला तरी घडी तिरकी पडते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. माझ्यामुळे पहिल्या तासात सहा वेळा तसे झाले.

“पुढं पळू नका, साहेब. माल कुठं पळी चालना? हात नका देखू, खांदा देखा. समोरचाना खांदा निघना की आपण निघानं.”

ताई कधी एक-दोन-तीन मोजत नसत. नव्या बाईला त्या दिवसभर स्वतःच्या समोर उभे करत आणि फक्त आपल्या खांद्याकडे बघायला लावत. संध्याकाळपर्यंत ती बाई मोजायचे विसरून जाई. माझे तसे व्हायला तीन दिवस लागले. रजेवर गेलेली बाई आठ दिवस आली नाही, आणि मी रोज दोन तास ‘चौकशीसाठी’ तो कोपरा धरत राहिलो. खरे सांगायचे तर तिसऱ्या दिवसानंतर चौकशी अशी फारशी झालीच नाही. चार जण एका पावलात निघतो, थांबतो, वाकतो आणि मोठी थोरली ताडपत्री बघता बघता उशीएवढी होते, यात मला जे सुख मिळाले ते आधीच्या कुठल्याच नोकरीत मिळाले नव्हते. पाचव्या दिवशी मला वाटू लागले की ताईंचे डोळे प्रामाणिक आहेत. ते पहिल्या दिवशी का वाटले नव्हते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

श्री. बापट यांना मी दोनदा बोलावले, दोन्ही वेळा माझ्या केबिनमध्ये. मध्ये टेबल. ते बोलताना पेनाचे टोपण काढत आणि लावत, आणि मला वाटे, हा माणूस काहीतरी लपवतो आहे. ते म्हणाले होते, “एकदा खाली येऊन बघा ना. शाई वाळायला किती वेळ लागतो ते हात लावून बघा.” मी येतो म्हटले आणि गेलो नाही.

नवव्या दिवशी मी अहवाल दिला. पाटीचा पुरावा नाही, ओला माल पुढे पाठवल्याची जबाबदारी छपाई विभागाची. व्यवस्थापनाने तो निष्कर्ष पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांच्या लोकांसमोर वाचून दाखवला. श्री. बापट मान खाली घालून ऐकत होते. महिना संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. त्या दिवशी मी निकाल नीट दिला या समाधानात घरी गेलो आणि शांत झोपलो.

आता ताईंच्या कामाविषयी आणि स्वभावाविषयी लिहिले पाहिजे, कारण अंक त्यांचा आहे. ताई धुळ्याकडच्या. यजमानांबरोबर सिल्वाशाला आल्या, टोकरखाड्यात घर केले आणि मजुरीवर लागून विभागप्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली खानदेशच्या बायका होत्या, इथल्या गावांतल्या होत्या, उत्तरेकडच्या होत्या. एकीची भाषा दुसरीला धड कळत नसे. तरी त्यांच्या विभागात आवाज चढलेला मी क्वचित ऐकला. एकदा मात्र चढला. चाळीतल्या नळावरून रमिलाबेन आणि आणखी एका बाईंचे असे काही वाजले की दोघींनी एकमेकींचे तोंड न पाहण्याची शपथ घेतली. मी म्हटले, ताई, यांना वेगवेगळ्या पाळ्यांत घालू. ताईंनी ऐकून घेतले आणि दोघींना एकाच ताडपत्रीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर उभे केले. तोंड न पाहता घडी पडत नाही. पहिला तास दोघी दात-ओठ खात चालत होत्या. जेवणाच्या सुट्टीत रमिलाबेननी न बोलता स्वतःच्या डब्यातले लोणचे दुसरीच्या डब्यात टाकले. आठवड्याभराने दोघी पुन्हा भांडल्या, हेही लिहून ठेवतो, नाहीतर मी ताईंना जादूगार ठरवतो आहे असे व्हायचे.

आपल्या मंडळातले त्यांचे काम सगळ्यांनी पाहिले आहे. मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही साहेब मंडळी पुढे खुर्च्यांवर आणि कारखान्यातली मंडळी मागे सतरंजीवर, हे कोणी ठरवले नव्हते पण व्हायचे. पाडव्याच्या लेझीम पथकाची जबाबदारी ताईंकडे आली तेव्हा त्यांनी जोड्या लावल्या. कोणाला चांगले येते हे पाहिलेच नाही. पुण्या-मुंबईच्या मॅनेजरांच्या बायकांसमोर पॅकिंगच्या बायका, असे करत गेल्या. एका साहेबांच्या पत्नी मला म्हणाल्या, “दोन आठवडे एकीच्या समोर नाचल्यावर तिचे नाव विचारले नाही तर कसेतरीच वाटते हो.” कार्यक्रमात बसायची रीत अजून तशीच आहे. पण आता मागे वळून नावाने हाक मारली जाते. हे फार आहे की थोडे, मला सांगता येणार नाही.

माझ्या घरावरचे त्यांचे उपकार वेगळेच. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिने चालायचेच सोडले. मी हात धरून नेई, “सावकाश, सावकाश” म्हणे, आणि ती चिडे. ताईंना कळले तशा त्या पाळी संपली की आमच्या कॉलनीत येऊ लागल्या. हात धरला नाही, सल्ला दिला नाही. नुसत्या शेजारून चालत, आणि पत्नी जेवढे छोटे पाऊल टाकेल तेवढेच स्वतः टाकत. ती थांबली की थांबत, जणू त्यांनाच दम लागला आहे. पंधरा दिवसांत पत्नी दुधाच्या दुकानापर्यंत जाऊ लागली. मी विचारले, त्या असे काय करतात जे मी करत नाही? ती म्हणाली, “तुम्ही माझ्यासाठी हळू चालता. त्या चालतातच हळू.” मग म्हणाली, “त्यांच्यापासून काही लपवावेसे वाटत नाही मला.”

ते वाक्य मला तेव्हा फार आवडले होते.

हा लेख लिहायचा म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी ताईंच्या घरी माहिती घ्यायला गेलो. गाव, शिक्षण, कोणत्या साली कामाला लागलात, असे विचारत होतो. ताईंनी चहा दिला, माझे प्रश्न मध्येच थांबवले, आतल्या कपाटातून एक पुठ्ठा आणून माझ्यापुढे ठेवला. चार घड्या पडलेला, कडा झिजलेल्या. त्यावर श्री. बापट यांच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेले होते: जेवणानंतर.

ताईंनीच सांगितले. माझा अहवाल वाचून झाल्यावर काही दिवसांनी परत आलेला माल पुसण्यासाठी उलगडला गेला. रमिलाबेन उलगडत होत्या. एका ताडपत्रीच्या आत पाटी होती. त्या दिवशी काम इतके रंगात आले होते की ट्रॉलीवरची ताडपत्री चौघींनी पाटीसकट उचलली आणि पाटीसकट घडी घातली. दुसऱ्या कुठल्या विभागात ही चूक झाली नसती. तिथे कोणीतरी थांबले असते.

“पाटी आम्ही देखी नव्हती, हाई खरं शे,” ताई म्हणाल्या. “तुम्ही इचारं तव्हय मी खोटं बोलनू नई. पण हातले चिकटत व्हतं, साहेब. ते तुम्ही इचारंच नई.”

घडीआधी शाईला बोट लावायचे आणि चिकटली तर माल परत पाठवायचा, हा त्यांच्याच विभागाचा नियम. ताईंच्या हाताला चिकटले. त्यांनी समोर पाहिले. रमिलाबेन थांबल्या नव्हत्या, म्हणजे माझाच हात घामेजला असेल, असे त्यांना वाटले. रमिलाबेनना अगदी तसेच ताईंकडे पाहून वाटले. बाकीच्या दोघींनाही. चौघींच्या हातांना कळलेले होते आणि चौघीही एकमेकींच्या भरवशावर चालत राहिल्या. हे त्यांना पाटी सापडल्यावर एकमेकींशी बोलताना समजले, आणि मग चौघींनी मिळून गप्प राहायचे ठरवले.

“चौघीसनी रोजी व्हती. बापटसाहेबले लगेच दुसरी जागा भेटनी. आम्हले कोण ठेवतं? असं मी तव्हय मनले सांगं. आते ते सांगता येत नई.” मग म्हणाल्या, “आनि तुमनं बी व्हतं. तुम्ही आठ दिवस आमनासंगे कोना पकडा. तुमले खोटं पाडानं?”

मी विचारले, आता का सांगता? त्या म्हणाल्या, त्या तिघी कधीच्या काम सोडून गेल्या, आणि आता ताई स्वतःही या महिन्यात निवृत्त होणार. “आते माले कोण काढी? धाक नई, म्हणून सांगस. हाई काही मोठं काम नई.”

मी चिडलो. बारा वर्षे मी या बाईंची प्रामाणिकपणाबद्दल उदाहरणे देत आलो होतो. माझे बोलणे मला वाटते बरेच कडक होते. पण तो राग चहा संपायच्या आत उतरला, आणि तो इतक्या लवकर का उतरला, याचीच मला आता धास्ती वाटते. माझा धंदा मोजमापाचा. मोजपट्टी दर महिन्याला तपासून घेणारा माणूस मी. पण त्या आठ दिवसांत माझ्या आतली पट्टी कुठे सरकली ते मी एकदाही पाहिले नाही. ज्यांच्याबरोबर पावलाला पाऊल लावून चाललो त्यांना मी खरे मानले. ज्यांच्याबरोबर टेबलाच्या दोन बाजूंना बसलो त्यांना मानले नाही. दोघांचे म्हणणे मी ऐकलेच नव्हते. आणि पत्नीचा गुडघा, मंडळाचे पथक, रमिलाबेनचे लोणचे हे सगळे त्याच एका पावलामुळे घडले, हेही तितकेच खरे आहे. जी गोष्ट माणसाला माणसाजवळ आणते तीच त्याचे तोंड बंद करते, मग तिचे कौतुक करायचे की नाही? मला ठरवता येत नाही. ताईंवरची माझी माया माझी आहे की त्या आठ दिवसांची, हेही मला सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे दादऱ्याला श्री. बापट यांच्या घरी गेलो. ते आता तिथल्या एका कारखान्यात आहेत. ताई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळे सांगितले, एकही शब्द न गाळता, आणि पाटी त्यांच्या हातात दिली. श्री. बापट यांनी ती बराच वेळ पाहिली.

“तुमच्यावर माझा राग नाही, बाई,” ते म्हणाले. “तुम्ही चौघींचे पाहिलेत. मीही कदाचित तेच केले असते. माझा राग यांच्यावर आहे. मी बोलावले होते, हे माझ्या विभागात एकदाही आले नाहीत.”

मी माफी मागितली. ते म्हणाले, “इथे माझ्या घरात मागून काय उपयोग? घरात मला कोणी दोषी म्हटलेच नव्हते. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा पलीकडच्यांनी विचारले, ‘ते ताडपत्रीवाले बापट तुम्हीच का?’ तुमचा अहवाल दोन पाळ्यांसमोर वाचला होता, साहेब.”

परत येताना ताई म्हणाल्या, हे सगळे अंकात लिहा. मी म्हटले, ताई, हा तुमच्या गौरवाचा अंक आहे, लोक काय म्हणतील?

“मंग माले हार कसाले घालतस?” त्या म्हणाल्या. “खोटी विमलले घाला का?”

संपादक समितीतल्या एका सदस्यांनी हा भाग वगळावा असे सौम्यपणे सुचवले. ताईंनी निरोप पाठवला की तो वगळायचा असेल तर माझा फोटोही वगळा. मग तो प्रश्न मिटला. मला वाटते, बारा वर्षांत त्यांनी केलेल्या कामांपैकी हे सगळ्यात अवघड काम त्यांनी एकटीने केले. त्या म्हणतात यात मोठे काही नाही. याबाबतीत पहिल्यांदाच मी त्यांच्या मताशी सहमत नाही, आणि सहमत नाही याचे मला थोडे बरेही वाटते.

विमलताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे हातपाय असेच चालते राहोत, पंचाहत्तरीला त्यांच्या घरी आम्हा सगळ्यांना पुन्हा चहा मिळो, आणि तेव्हा त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याला माझ्याइतके चाचपडावे लागू नये, ही मनापासून इच्छा.

हा अंक आमच्या कारखान्यातल्या दोन्ही पाळ्यांत वाटला जाणार आहे, म्हणून शेवटचे चार शब्द इथेच लिहितो. ताईंनी त्याला परवानगी दिली आहे. किंबहुना त्यांची हीच अट आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या सहीने जो निष्कर्ष सर्वांसमोर वाचला गेला, तो चुकीचा होता. श्री. बापट, दोष तुमचा नव्हता.